इंजिनं वर, तंबोरा खाली

सांगलीच्या गावभागातून एका ताईंचं पाच पानी पत्र आलं आहे. त्यांचं वय ५८, यजमान बँकेतून निवृत्त. आठ वर्षांपूर्वी भाच्यानं जर्मनीहून येताना छोट्या आगगाडीचा एक सेट आणला, आणि तेव्हापासून वरच्या मजल्यावरच्या खोलीत आठ बाय चार फुटांचं टेबल ठाण मांडून बसलं आहे. त्यावर रूळ, बोगदा, फलाट, सिग्नल. मध्यंतरी ताईंच्या फोनवर एका पार्सलचं आयातशुल्क भरण्याचा निरोप आला. शोधाशोध केल्यावर कपाटात एक वही सापडली. साडेतीन हजारांचं म्हणून सांगितलेलं इंजिन वहीत एकतीस हजारांचं निघालं. आठ वर्षांची बेरीज चार लाखांच्या आसपास, आणि एक लाखाची एक ठेव न सांगता मोडलेली. दिवाळीनंतर मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार आहे आणि तिची खोली म्हणजे नेमकी तीच. शेजारीपाजारी 'म्हातारपणी खेळणी' म्हणून हसतात. पत्राच्या चौथ्या पानावर एक वाक्य आहे: '२०१९ च्या पुरात त्यांनी आधी इंजिनांचे खोके वर नेले, माझा तंबोरा खाली राहिला. असो.' शेवटी त्या विचारतात, हे सगळं विकायला लावू का? की माझंच चुकतंय? साठी उलटलेल्या माणसानं आगगाडीशी खेळावं का?

ताई, नमस्कार.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तो सगळ्यांत सोपा आहे. खेळावं. आपल्याकडं भाद्रपदात गल्लोगल्ली हलते देखावे होतात. पन्नाशी-साठीतले कार्यकर्ते महिनाभर रात्री जागून पुठ्ठ्याचे डोंगर रंगवतात, मोटर लावून धबधबा सोडतात. त्यांना कुणी 'खेळताय काय' म्हणत नाही, उलट आपण रांग लावून बघायला जातो. दिवाळीतला किल्ला तर निम्म्या घरांत बापच बांधत असतो, पोरगं फक्त चिखल कालवायला आणि अळीव पेरायला. त्या किल्ल्यावर मावळा बुरुजाएवढा असतो, वाघ गुहेत मावत नाही, तरी चालतं. तुमच्या यजमानांच्या छंदात ते चालत नाही, एवढाच काय तो फरक. तिथं मावळा बुरुजाच्या हिशेबात बसावा लागतो.

हा हिशेब मला थोडाफार कळतो, कारण माझे धाकटे दीर याच पंथातले. तुम्ही लिहिलंय की यजमान मित्राशी फोनवर तासतासभर मिलिमीटरवरून वाद घालतात आणि ऐकून तुम्हाला वेड लागायची पाळी येते. ते भांडण काय असतं ते सांगते, म्हणजे निदान करमणूक तरी होईल.

त्यांच्याकडचं माप बहुधा 'एचओ' असणार. म्हणजे खरी वस्तू ८७ पट लहान. तुमची उंची पाच फूट दोन इंच धरली तर त्या फलाटावर तुम्ही १८ मिलिमीटरच्या. दहा फुटी ऊस साडेतीन सेंटिमीटरचा. इथवर सगळं गुण्यागोविंदानं चालतं. घोडं अडतं ते रुळांपाशी. आपली ब्रॉडगेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १६७६ मिलिमीटरची, ८७ नं भागली की साधारण १९.२५ येतात. पण दुकानात मिळणारा एचओचा रूळ १६.५ मिलिमीटरचा, कारण तो युरोप-अमेरिकेतल्या १४३५ मिलिमीटरच्या रुळाचं बाळ आहे. फरक पावणेतीन मिलिमीटरचा. मोहरीच्या दाण्याहून थोडा मोठा. या मोहरीवरून पंथात दोन तट आहेत. एक म्हणतो, डोळ्यांना कुठं दिसतंय, गाडी पळवा. दुसरा म्हणतो, भारतीय इंजिन परक्या रुळावर उभं करणं म्हणजे नऊवारीवर बूट. या दुसऱ्या तटाला पहिला तट 'रिव्हेट मोजणारे' म्हणतो आणि ते खरंच रिव्हेट मोजतात. माझ्या दिरांनी एकदा एका डब्याच्या खिडक्या मोजून, एक कमी भरली म्हणून तो अख्खा डबा परत रंगवायला घेतला होता. जाऊबाईंनी त्या दिवशी स्वयंपाक केला नाही.

या मंडळींच्या ठरलेल्या थापाही असतात. नवं इंजिन टेबलावर दिसलं की, 'हे? हे जुनंच आहे, तुझं लक्ष आज गेलं.' आणि आपापसात सांगायचा एक विनोद आहे, तो माझ्या दिरांनीच मला ऐकवला: मरणाची भीती वाटत नाही, पण माझ्यामागं ही सगळी इंजिनं तिनं मी सांगितलेल्या किमतीला विकली तर? मी तेव्हा हसले होते. तुमचं पत्र वाचल्यावर तेवढं हसू येत नाही.

कारण तुमच्या घरात दोन वेगळ्या गोष्टींची एक गाठ बसली आहे. छंद ही एक आणि ती वही ही दुसरी. पत्रात तुम्ही दोन्हींवर एकाच दमात रागावला आहात, आणि म्हणून उपायही एकच सुचतोय, सगळं विकणं. आपण गाठ सोडवून बघू.

आधी पैसे. आठ वर्षांत चार लाख म्हणजे महिन्याला चार हजारांच्या थोडं वर. निवृत्त माणसाच्या घरात ही रक्कम लहान नाही, पण घर बुडवणारीही नाही. हेच चार हजार दर महिन्याला तुमच्यासमोर उघडपणे खर्च झाले असते, तर तुम्ही कुरकुरला असता, पाच पानं लिहिली नसती, असं मला वाटतं. वस्तू महाग का हेही समजून घ्या. जर्मनीची मार्कलिन, इंग्लंडची हॉर्नबी, जपानची काटो, असा सगळा बाहेरचा माल. त्यात २०२० च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचं मूळ आयातशुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर नेलं आणि २०२३ मध्ये ते ७० झालं. वर जीएसटी, वर कुरिअर. गंमत अशी की मापात बनवलेली ही मॉडेलं जकातीच्या यादीत खेळण्यांच्याच शीर्षकाखाली येतात. तेव्हा 'खेळणी' या शब्दाबाबत तुमचं आणि अर्थखात्याचं अगदी एकमत आहे.

आणखी एक खड्डा आहे, त्यात नवखी माणसं हमखास पडतात. भाच्यानं आणलेला सेट मार्कलिनचा असेल, तर त्याची विजेची व्यवस्था इतरांपेक्षा निराळी असते. रुळाच्या मधोमध बारीक ठिपक्यांची ओळ असते, इंजिन तिथून वीज घेतं. बाकी बहुतेक कंपन्यांची एचओ इंजिनं दोन रुळांतूनच वीज घेतात. त्यामुळं एका पद्धतीचं इंजिन दुसरीच्या रुळावर ठेवलं की ते ढिम्म हलत नाही, आणि मग माणूस रूळ नवे घेतो, नियंत्रक नवा घेतो. अमेरिकेतून कुणाबरोबर मागवलेला ११० व्होल्टचा पॉवर पॅक आपल्या २३० व्होल्टला लावून धूर काढणारेही आहेत. तुमच्या चार लाखांतले काही हजार अशा शिकवणीच्या फीमध्ये गेले असतील. ज्यांच्या घरी हा छंद आत्ता कुठं दार वाजवतोय त्यांनी एवढं करावं: पहिल्या सेटनंतर वर्षभर दुसरं इंजिन घ्यायचं नाही, आधी पद्धत कुठली ते ठरवायचं.

आता वही. इथं मी त्यांची बाजू घेणार नाही. साडेतीनचे एकतीस ही थाप नाही, तो खोटा हिशेब झाला. आणि ठेव मोडणं त्याहून वाईट, कारण ठेव ही दोघांच्या म्हातारपणाची असते, मग पावतीवर नाव कुणाचंही असो. हे त्यांना सरळ सांगा, आडून नको, मुलीच्या तोंडून नको, भाच्याला मध्ये घालून तर अजिबातच नको.

पण ताई, तुमच्याच पत्रात तुम्ही प्रामाणिकपणे एक गोष्ट लिहिली आहे. पहिल्या इंजिनाची त्यांनी खरी किंमत सांगितली होती. तेव्हा तुम्ही आठवडाभर बोलला नाहीत, आणि पुढं एका लग्नात चार नातेवाइकांसमोर तो आकडा सांगून सगळे हसलात. दुसऱ्या इंजिनापासून किंमत खोटी व्हायला लागली. तुमच्या रागानं त्यांचं खोटं खरं होत नाही. तरी पुढं खरा आकडा ऐकायचा असेल, तर तो ऐकल्यावर घरात काय होणार हे आधी ठरवावं लागेल. मी असं सुचवते: महिन्याची एक रक्कम ठरवा, त्यांची आणि तुमची सारखीच. आपापल्या रकमेचं काय केलं हे दुसऱ्यानं विचारायचं नाही. त्यांनी रूळ घ्यावेत, तुम्ही साडी घ्या, नाहीतर साठवून हंपी बघून या. ठेवींना मात्र दोघांच्या संमतीशिवाय हात लावायचा नाही. मोडलेले एक लाख त्यांच्या रकमेतून थोडे थोडे परत भरले जातील, मग त्याला दोन वर्षं लागोत की तीन. आणि ती वही कपाटातून निघून टेबलावर उघडी राहील.

वहीचा दुसराही उपयोग आहे. त्यात प्रत्येक इंजिनाची कंपनी, क्रमांक, खरी किंमत आणि मूळ खोका कुठं ठेवलाय हे लिहून ठेवायला सांगा. वापरलेल्या मॉडेलाला मूळ खोक्यासकट चांगली किंमत येते, खोका नसेल तर घेणारा हात आखडता घेतो. उद्या कुणाला काही झालं तर घरच्यांना अंधारात चाचपडावं लागणार नाही. माझ्या दिरांना मी हेच सांगितलं, तर ते आठ दिवस माझ्याशी जपून बोलत होते.

सगळं विकायला लावायचं का? नको. भावनेचा भाग सोडा, व्यवहारानंही नको. आपल्याकडं या वस्तूंचा जुना बाजार फार छोटा आहे. घाईनं विकलं तर निम्मेही हाती येतील याची खात्री नाही. 'किंमत वाढत जाते' असं ते तुम्हाला समजावत असतील, तर त्यावरही विश्वास ठेवू नका. क्वचित एखाद्या दुर्मिळ मॉडेलाचं तसं होतं, वापरात असलेल्या साध्या इंजिनाचं नाही. हा खर्च आहे, गुंतवणूक नाही, आणि खर्च म्हणूनच तो कबूल करावा. त्यापेक्षा त्यांच्याकडं न उघडलेले खोके किती आहेत ते दोघांनी मिळून मोजा. असतातच. या छंदात वस्तू जोडण्याचा वेग आणि वस्तू आणण्याचा वेग कधी जुळत नाही. ते खोके संपेपर्यंत नवी खरेदी बंद, एवढं बोलणं अन्यायाचं नाही. खरं तर या छंदातला सगळ्यांत रमवणारा भाग जवळजवळ फुकट असतो. नदीची वाळू चाळून तिची खडी, रंगवलेल्या भुशाचं गवत, केरसुणीच्या काड्यांचा ऊस, आणि हे सगळं चिकटवायला पाण्यात पातळ केलेला फेव्हिकॉल. त्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकला की तो खडीत नीट मुरतो. एका इंजिनावर माणूस पाच वर्षं आनंदात काढू शकतो. काढत नाही, ही गोष्ट वेगळी.

आता खोली. इथं वाटाघाट नाही. मुलगी येण्याच्या निदान महिनाभर आधी ती खोली रिकामी झाली पाहिजे, आणि नुसती रिकामी नव्हे. तारा जोडायला ते सोल्डरिंग करत असणार. त्याच्या नेहमीच्या तारेत ६० टक्के कथील आणि ४० टक्के शिसं असतं. रंगाचा थिनर, स्प्रे, प्लॅस्टिक चिकटवायचं द्रावण हेही त्याच खोलीत. गरोदर बाईनं आणि तान्ह्या बाळानं जिथं श्वास घ्यायचा तिथं यातलं काहीही नको. फरशी आणि खिडक्या ओल्या फडक्यानं दोन-तीनदा पुसून घ्या, नुसतं झाडू नका, झाडल्यानं धूळ उडते. सोल्डरिंग आणि रंगकाम यापुढं गच्चीत, बाळ घरात असेपर्यंत तेही नको. बँकेतला माणूस आहे, कारण सांगितलं की पटेल. 'तुमची खेळणी उचला' असं म्हटलंत तर नाही पटणार.

पण उचलून ठेवायची कुठं? इथं मला त्यांच्याशीच दोन शब्द बोलायचे आहेत, तेव्हा हा भाग त्यांना वाचायला द्या.

साहेब, आठ बाय चारचं टेबल ही प्लायवूडच्या दुकानदाराची कल्पना आहे, रेल्वेची नव्हे. प्लायचा पत्रा त्या मापाचा येतो म्हणून जगभर लोक त्यावर गोल रूळ टाकतात. भिंतीला लावलेल्या चार फूट रुंद टेबलाच्या पलीकडच्या कोपऱ्यात हात पोचत नाही, आणि गाडी घसरायची ती नेमकी तिथंच. माझ्या दिरांची बोगद्यात अडकते, पाहुणे आले की नक्की अडकते. आणि आठ फुटांत तुम्हाला मिळतं काय? हल्लीच्या एक्सप्रेसचा साडेतेवीस मीटरचा एलएचबी डबा ८७ नं भागला की २७ सेंटिमीटर. वीस डब्यांची गाडी पावणेअठरा फूट. एक रूळ दुसऱ्यावरून न्यायचा तर साडेसात सेंटिमीटर चढ हवा, तीन टक्क्यांच्या चढानं त्याला अडीच मीटर लागतात, म्हणजे तुमचं टेबल पुलाच्या पायथ्यापाशीच संपलं. सांगली ते मिरज अंतर मापात दाखवायचं म्हटलं तरी ऐंशी-नव्वद मीटर. गावभागातली अख्खी गल्ली घ्यावी लागेल. पूर्ण रेल्वे कुणालाच मिळत नाही. काय गाळायचं हे ज्याला कळलं त्याचं टेबल बघत राहावंसं वाटतं, मग ते कितीही लहान असो.

आणि तुम्हाला गाळायला शिकवायची गरज नसावी. तुमचे वडील मिरजेत रेल्वेत होते, असं ताईंनी लिहिलंय. म्हणजे तुम्ही तीन गेजांच्या गावात वाढलात. पुण्याकडून आलेली ब्रॉडगेज, लोंढ्याकडं जाणारी मीटरगेज आणि पंढरपूर-कुर्डुवाडीची नॅरोगेज, तिन्ही एका जंक्शनात. मग टेबलावर जर्मन एक्सप्रेस कशाला पळते आहे? बार्शी लाइट रेल्वे घ्या की. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरनं १८९७ मध्ये बार्शीपासून सुरू केलेली, १९२७ मध्ये मिरजेपर्यंत आलेली. त्याच कॅलथ्रॉपनं पुढं इंग्लंडमध्ये १९०४ ची लीक अँड मॅनिफोल्ड रेल्वे उभी केली, तीही याच अडीच फुटी गेजची. तिथले नॅरोगेजवाले बार्शीचं नाव आदरानं घेतात. रुळाची रुंदी ७६२ मिलिमीटर. ८७ नं भागा. पावणेनऊ. आणि 'एन' या एचओहून लहान मापाचा ९ मिलिमीटरचा रूळ बाजारात तयार मिळतो. फरक पाव मिलिमीटरचा. तुमच्या त्या फोनवरच्या मित्रालाही यावर वाद घालता येणार नाही.

नॅरोगेजची वळणं तीव्र चालतात, गाड्या आखूड असतात. एक इंजिन, चार डबे, दीड फूट रुंदीची फळी, चार-चार फुटांचे तुकडे बोल्टनं जोडलेले. तयार बार्शीचं इंजिन दुकानात मिळणार नाही. एन मापाचं साधं धावतं चाकघर घेऊन त्यावर अंगचं घर पुठ्ठ्या-प्लॅस्टिकचं स्वतः बांधायचं, या मापात पुष्कळ जण असंच करतात. डबे तर पुठ्ठ्याचेच. खर्च कमी, काम भरपूर. फळी हॉलच्या भिंतीला छातीच्या उंचीवर लागते आणि कृष्णेचं पाणी चढायला लागलं की बोल्ट काढून पंधरा मिनिटांत वर जाते. गावभागात राहणाऱ्यानं सुटी न होणारी कुठलीही गोष्ट तळमजल्यावर बांधू नये, हे तुम्हाला मी काय सांगायचं.

(जाता जाता. लहानपणी मी आजीबरोबर त्या गाडीनं मिरजेहून पंढरपूरला गेले आहे. आरग, सलगरे, कवठे महांकाळ, ढालगाव अशी ती ठेचाळत जायची. चढाला वेग इतका मंदावायचा की पोरं उतरून बाजूनं चालायची आणि आजी खिडकीतून ओरडायची. आता तिथं ब्रॉडगेज आहे, ढालगाव कधी आलं ते कळतही नाही. तो चढ कुणी टेबलावर केला, तर मी तिकीट काढून बघायला येईन.)

ताई, पुन्हा तुमच्याकडं. यजमानांनी एकदा तुम्हाला विचारलं होतं म्हणे, फलाटावरच्या गोऱ्या बायकांना साड्या नेसवून देशील का. तुम्ही 'मला तेवढाच उद्योग आहे का' म्हणालात. इथं बहुतेक सल्लागार तुम्हाला सांगतील की त्यांच्या छंदात रस घ्या. मी सांगणार नाही. तुम्हाला आवडत नसेल तर नका नेसवू. नवऱ्याच्या छंदात बायकोनं सामील व्हायलाच हवं, हा एक नवाच जाच निघाला आहे. माझ्याकडं अशी आणखी पत्रं पडून आहेत. एकीच्या घरी माशांच्या टाक्या, दुसरीकडं जुने रेडिओ. एका घरी तर बायकोच्या दोनशे कुंड्या आहेत आणि नवरा मेटाकुटीला आलाय. त्या सगळ्यांनाही हेच: जागेची हद्द ठरवा, पैशांची हद्द ठरवा, आणि त्या हद्दीच्या आत दुसऱ्याला त्याच्या कुंडीशी एकटं सोडा. मात्र हा प्रकार नीट जमला तर कसा दिसतो हे एकदा बघायचं असेल, तर पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींनी १९९८ मध्ये सुरू केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. मुलीकडं जाल तेव्हा तासभर काढा. यजमानांना नेऊ नका, ते समजावून सांगत बसतील.

आणि आता ते चौथं पान.

पैशांवर तुम्ही तीन पानं लिहिली आहेत, खोलीवर एक. तंबोऱ्यावर एक वाक्य, आणि पुढं 'असो'. ते 'असो' मी चार वेळा वाचलं. लग्नाआधी सात वर्षं तुम्ही गाणं शिकत होता, हे तुम्ही पत्रात दुसऱ्याच कुठल्या संदर्भात, जवळजवळ चुकून लिहिलंय. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी किती झपाट्यानं चढलं ते सांगलीकरांना वेगळं सांगायला नको. त्या रात्री माणसानं आधी काय उचललं यावरून त्याचं सगळं मन ओळखता येतं, असं मला वाटत नाही. खोके एकावर एक रचून उचलता येतात, तंबोरा दोन हातांत एकटाच मावतो, जिन्यात अडकतो. कदाचित त्यांनी एवढाच विचार केला असेल. कदाचित तंबोरा त्यांच्या डोक्यातही आला नसेल, आणि तुम्हाला लागलंय ते हेच. तुम्ही हे त्यांना कधी सांगितलंत का? पत्रावरून वाटतं, नाही. सहा वर्षं तुम्ही इंजिनांच्या किमतीबद्दल बोलताय. त्यांना वाटतं प्रश्न पैशांचा आहे, म्हणून ते किंमत कमी करून सांगतात.

तेव्हा किमतीची वही उघडायच्या आधी हे बोला. आकडा घालू नका, मुलीची खोली मध्ये आणू नका. पाणी आलं तेव्हा माझा तंबोरा खाली राहिला आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं, एवढंच. मग ते काय म्हणतात ते ऐका. गप्प बसले तरी चालेल.

चादरीत गुंडाळून तो माळ्यावर पडलाय असं लिहिलंय. भोपळा भिजून फुटला असेल, जोड सुटले असतील, तरी दांडी पिळलेली नसेल तर बरंच काही परत होतं. तुम्ही जगात कुठंही नव्हे, मिरजेपासून हाकेच्या अंतरावर राहता. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं ते उगीच नाही. पंढरपूरच्या बाजूला पिकणारे भोपळे वाळवून, कोरून, तुनाच्या लाकडाला जोडणारी घराणी तिथं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. नवा भोपळा बसवणं हे त्यांचं रोजचं काम. काय खर्च येईल तो त्यांच्या महिन्याच्या रकमेतून जाईल, तुमच्या नाही, आणि तंबोरा परत घरी येईपर्यंत नवं काहीही मागवायचं नाही. ही अट तुम्ही घालायची, आणि तंबोरा घेऊन जायचं काम त्यांनी करायचं. वाद्याच्या दुकानात लाकूड, जोड, पॉलिश यांवर ते दोन तास बोलत बसतील, तेव्हा तुम्ही बरोबर गेलात तर डबा घेऊन जा. आणि फुटला असला तरी जुना भोपळा टाकून देऊ नका, बरोबर न्या. कारागिराला माप त्यावरूनच घ्यावं लागतं.